ट्रंकेत बंदूक का नव्हती?

गदर चळवळीवरचा आमचा भाग ऐकून टेक्ससमधल्या एका श्रोत्यानं प्रश्न पाठवला. प्रश्न साधा होता, पण त्यानं मला दोन आठवडे पुस्तकांत डोकं घालायला लावलं. त्यानं लिहिलं होतं : "तुम्हीच म्हणालात की त्या काळी अमेरिकेत रिव्हॉल्व्हर टपालानं घरपोच मिळायचं. मग १९१४ मध्ये ही माणसं लढायला हिंदुस्थानात निघाली, तेव्हा प्रत्येकानं एकेक पिस्तूल ट्रंकेत का नाही टाकलं? जहाज भरून बंदुका पाठवायचा द्राविडी प्राणायाम कशासाठी?"

त्या भागात मी घाईघाईत "पकडले गेले असते" एवढंच बोलून पुढे गेलो होतो. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. पकडलं कोण असतं, कुठल्या कायद्यानं, आणि तीच बंदूक दुसऱ्या कुणाच्या ट्रंकेत असती तर काय झालं असतं, हे पाहिल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

आधी दुकानापासून सुरुवात करू. १९१४ च्या अमेरिकेत बंदुकांबाबत देशभर लागू होणारा परवान्याचा कायदा नव्हता. तसला पहिला मोठा कायदा १९३४ चा. न्यूयॉर्क राज्यानं १९११ मध्ये लहान शस्त्रांसाठी परवाना आणला होता, पण सीअर्स कंपनीच्या जाडजूड कॅटलॉगमध्ये शिलाई मशीन आणि चुलीच्या जोडीला रिव्हॉल्व्हरचीही पानं असायची. पैसे पाठवा, पार्सल घ्या. अर्थात परदेशी माणसाकडे संशयानं पाहणं तेव्हाही होतंच. पेन्सिल्व्हेनियानं १९०९ मध्ये नागरिक नसलेल्या परदेशी रहिवाशांना शिकारीची आणि त्यासाठी रायफल किंवा शॉटगन बाळगण्याची बंदी केली, आणि १९१४ मध्ये पॅटसोन नावाच्या एका इटालियन माणसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. कॅलिफोर्नियानं नागरिक नसलेल्यांना लपवता येण्याजोगी शस्त्रं बाळगायला मनाई केली ती १९२३ मध्ये. म्हणजे आपली माणसं तिथे होती त्या काळात पॅसिफिक किनाऱ्यावर पैसे असलेल्याला शस्त्र मिळवणं फारसं अवघड नव्हतं.

'आपली माणसं' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर दोघं आहेत. गदर ही मुख्यतः पंजाबी शेतमजूर आणि लाकूडगिरण्यांतल्या कामगारांची चळवळ, हे विसरून चालणार नाही. आपण मराठी लोक कधीकधी तिच्यावर जरा जास्तच हक्क सांगतो. पण तिच्यात दोन मराठी विद्यार्थी अगदी आतल्या वर्तुळात होते. वर्ध्याकडचे पांडुरंग सदाशिव खानखोजे शेतीशास्त्र शिकायला गेले. ओरेगॉनमधलं कॉर्व्हालिस आणि वॉशिंग्टन राज्यातलं पुलमन इथे त्यांचं शिक्षण झालं, आणि मधल्या काळात सॅन राफेलच्या माउंट तामालपाइस मिलिटरी अकॅडमीत ते लष्करी शिक्षणही घेऊन आले. दुसरे विष्णु गणेश पिंगळे, पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे, इंजिनिअरिंग शिकायला १९११ च्या सुमारास अमेरिकेत आलेले. तुमच्यापैकी बरेच जण ज्या वयात आणि ज्या कारणानं तिकडे गेलात, अगदी तसेच.

आता बंदराकडे. ब्रिटिश हिंदुस्थानात लागू होता १८७८ चा शस्त्र कायदा, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतला. त्याचं सहावं कलम म्हणतं की परवान्याशिवाय समुद्रानं किंवा जमिनीवरून शस्त्र देशात आणायचं नाही आणि बाहेर न्यायचं नाही. लगेच पुढे एक सवलत आहे : ज्याला शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर हक्क आहे, त्यानं स्वतःच्या खाजगी वापरासाठी 'वाजवी प्रमाणात' शस्त्र आणलं तर हरकत नाही. मात्र कस्टमच्या कलेक्टरला वाटलं तर तो ते अडकवून ठेवील आणि सरकारचा हुकूम येईपर्यंत सोडणार नाही.

वाचायला हे समंजस वाटतं. गोम आहे ती 'ज्याला हक्क आहे' या शब्दांत. हक्क कुणाला? ज्याच्याकडे जिल्ह्याच्या साहेबाचा परवाना आहे त्याला, किंवा ज्याला परवान्याचीच गरज नाही त्याला. आणि परवान्यातून सूट कुणाला द्यायची ते सरकारनं नियमांत लिहून ठेवलं होतं. त्या यादीत काही राजेरजवाडे, मानाचे पदवीधारी आणि बडे अधिकारी होते. त्याशिवाय सरसकट जातीनं सूट होती ती युरोपीय, अँग्लो-इंडियन, आर्मेनियन आणि अमेरिकन लोकांना.

अमेरिकन! मी हे वाचून पान परत उलटलं. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या एकाच दुकानातून एकाच दिवशी दोघांनी एकाच बनावटीची बंदूक घेतली आणि दोघं एकाच बोटीनं मुंबईला उतरले असं समजा. एक जण अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये नोकरीला चाललेला ओहायोचा पाद्री. दुसरा त्याच नगर जिल्ह्यात जन्मलेला, अमेरिकेत शिकून परतणारा पोरगा. पाद्र्याची बंदूक खाजगी सामान. पोराची बंदूक गुन्हा. पाद्र्याला परवाना मागायची गरज नव्हती, आणि पोराला तो मागायचा झाला तर ज्या साहेबाच्या राज्याविरुद्ध त्याच्या मनात राग आहे त्याच साहेबाच्या टेबलासमोर उभं राहावं लागणार. ही जातीनिहाय सूट पहिलं महायुद्ध संपल्यानंतरच, १९२० च्या सुमारास नव्या नियमांनी गेली. काँग्रेसच्या अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव होत होते, ते याच कारणानं. तेव्हाच्या सुशिक्षितांना बंदुकीपेक्षा त्या यादीचा अपमान जास्त लागत होता, असं मला वाटतं.

ट्रंकेत पिस्तूल टाकायचा प्रयोग मात्र एकदा झाला होता, आणि तो मराठी माणसांनीच केला होता. १९०९ च्या सुरुवातीला लंडनच्या इंडिया हाउसमधून सावरकरांनी चतुर्भुज अमीन या तिथल्या आचाऱ्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलं आणि काडतुसं मुंबईला धाडली. पेटीला खोटा तळ केला होता. पेटी सुखरूप पोचली. त्यांतल्या एका पिस्तुलानं २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना एप्रिल १९१० मध्ये ठाण्यात फाशी झालं, त्याआधी मार्चमध्ये सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली, आणि त्यांच्यावरच्या आरोपांत शस्त्रं मिळवून वाटल्याचा आरोप होताच. वीस पिस्तुलं एकदा आत गेली, पण त्यानंतर परदेशातून परतणाऱ्या विद्यार्थ्याची पेटी ठोकून बघायला कस्टमवाल्यांना कुणी शिकवायची गरज उरली नव्हती.

त्यामुळे ऑगस्ट १९१४ मध्ये युरोपात युद्ध पेटलं आणि गदर पक्षानं आपल्या लोकांना मायदेशी निघायला सांगितलं, तेव्हा शस्त्रांबद्दलचा निरोप असा होता : ती हिंदुस्थानात पोचल्यावर मिळतील, नाही मिळाली तर पोलीस ठाण्यांतून हिसकावून घ्या. २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोहून 'कोरिया' बोट निघाली. तिच्यामागे आणखी बोटी निघाल्या. इकडे सरकारनं ५ सप्टेंबरला हिंदुस्थानप्रवेशाचा वटहुकूम काढला. आता कस्टमला पेटीत काही सापडण्याचीही गरज उरली नाही. परतणारा माणूसच संशयित. २९ ऑक्टोबरला 'तोसा मारू' कलकत्त्याला लागली, तिच्यावरच्या पावणेदोनशेच्या आसपास लोकांपैकी बहुतेकांना उतरल्या उतरल्या स्थानबद्ध केलं. हजारो मैलांचा प्रवास, आणि शेतावर मिळणार होता तो पहिला दिवस तुरुंगात.

पिंगळे मात्र निसटले. 'सालामिस' बोटीनं नोव्हेंबरमध्ये ते कलकत्त्याला उतरले, रासबिहारी बोसांना भेटले, आणि पंजाबातले गदरवाले आणि बंगालातले क्रांतिकारक यांना जोडणारा दुवा झाले. एका मराठी माणसानं पंजाबी आणि बंगाली मंडळींची मोट बांधावी, यातली गंमत त्यांच्या सोबत्यांनाही जाणवली असेल.

इथे टेक्ससच्या मित्राच्या प्रश्नाचा दुसरा भाग येतो. एकेक पिस्तूल नेता येत नाही म्हटल्यावर हजारो बंदुका कशा नेणार? पण गंमत अशी, की अमेरिकन कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर एका पिस्तुलापेक्षा जहाजभर बंदुका नेणं काही जास्त अवघड नव्हतं.

अमेरिका १९१७ पर्यंत युद्धात तटस्थ होती, आणि तटस्थ देशातल्या व्यापाऱ्यानं लढणाऱ्या देशाला शस्त्रं विकणं हा गुन्हा नव्हता. १९०७ च्या हेगच्या करारांतही तटस्थ सरकारानं असा व्यापार रोखलाच पाहिजे असं बंधन नव्हतं. याचा फायदा सगळ्यांत जास्त ब्रिटननंच घेतला. विंचेस्टर आणि रेमिंग्टन कंपन्यांच्या कारखान्यांत ब्रिटिश फौजेसाठी १२ लाखांहून अधिक एनफिल्ड रायफली तयार झाल्या आणि राजरोस बोटींवर चढल्या.

मनाई होती ती वेगळ्याच गोष्टीला. १७९४ पासून चालत आलेला तटस्थतेचा कायदा सांगतो की ज्या देशाशी अमेरिकेची शांतता आहे, त्याच्या मुलखावर अमेरिकेच्या भूमीवरून लष्करी मोहीम काढायची नाही, तिची तयारीही करायची नाही. आता मोहीम कशाला म्हणायचं? १८९६ मध्ये क्यूबाच्या बंडाच्या निमित्तानं हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला होता. 'होर्सा' नावाच्या बोटीनं किनाऱ्यापासून तीन मैलांच्या हद्दीपलीकडे माणसं आणि पेट्या चढवून घेतल्या आणि त्यांना क्यूबाला पोचवलं, म्हणून तिचा डॅनिश कप्तान विबोर्ग याच्यावर खटला झाला. न्यायालयानं जी रेघ ओढली ती साधारण अशी : शस्त्रं माल म्हणून गेली तर गुन्हा नाही, माणसं आपापली लढायला गेली तरी गुन्हा नाही. पण माणसं एकत्र, संघटित होऊन, शस्त्रांसह निघाली, तर ती मोहीम. कप्तानाची शिक्षा कायम झाली.

हा निकाल ध्यानात ठेवून पुढची हकीकत वाचा, म्हणजे ती एवढी विचित्र का वाटते ते कळेल.

जर्मन दूतावासाच्या पैशांनी, क्रुप कंपनीचा अमेरिकेतला एजंट हान्स टाउशर यानं अमेरिकन लष्कराच्या जुन्या बंदुका विकत घेतल्या. ८,०८० स्प्रिंगफील्ड रायफली, २,४०० कार्बाइन, ४१० हॉचकिस, जोडीला ५०० कोल्ट रिव्हॉल्व्हर, २५० माउझर पिस्तुलं आणि सुमारे ४० लाख काडतुसं. माल रेल्वेनं सॅन डिएगोला आला आणि 'अ‍ॅनी लार्सन' या शिडाच्या जहाजात भरला. कागदोपत्री मुक्काम लिहिला मेक्सिकोचं तोपोलोबांपो बंदर. मेक्सिकोत तेव्हा यादवी चालू होती. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी १९१२ मध्ये तिकडे शस्त्रं पाठवायला घातलेली बंदी विल्सन यांनी १९१४ मध्ये उठवली होती, ती पुन्हा आली १९१५ च्या ऑक्टोबरात. मधल्या त्या फटीतून 'अ‍ॅनी लार्सन' ८ मार्च १९१५ ला बाहेर पडली. बंदरातल्या कारकुनाच्या दृष्टीनं मेक्सिकोच्या भांडणात चार पैसे कमावणारा आणखी एक व्यापारी, बस.

माणसं वेगळी निघाली. 'मॅव्हरिक' हे तेलवाहू जहाज एप्रिलच्या शेवटी सॅन पेड्रोहून सुटलं, त्यावर पाच हिंदी गदरवाले इराणी वेटर म्हणून चढवलेले. मेक्सिकोच्या पश्चिमेला सोकोरो नावाचं ओसाड बेट आहे. तिथे दोघांची गाठ पडायची, बंदुका 'मॅव्हरिक'च्या रिकाम्या टाकीत रचायच्या, वरून तेल सोडायचं आणि हिंदुस्थानाकडे निघायचं. बंदुका एका जहाजात, माणसं दुसऱ्यात, भेट अमेरिकेच्या हद्दीबाहेर. वकिलांनी आखल्यासारखा बेत, आणि तेलाची टाकी म्हणजे अमीनच्या पेटीचा तो खोटा तळच, फक्त जहाजाएवढा.

बेत कायद्यानं नाही मोडला, पाण्यानं मोडला. 'अ‍ॅनी लार्सन' सोकोरोला वाट बघत थांबली, 'मॅव्हरिक' वेळेवर आलीच नाही, पिण्याचं पाणी संपत आलं तशी ती मेक्सिकोच्या किनाऱ्याकडे वळली, आणि मग वाऱ्यानं तिला बेटाकडे परत येऊ दिलं नाही. 'मॅव्हरिक' उशिरा पोचली तेव्हा बेटावर कुणी नव्हतं. तिथे ब्रिटिश युद्धनौकेनं तिची झडती घेतली, त्याआधी गदरची पत्रकं जाळून टाकली होती. ती रिकामीच जावाला गेली. डच अधिकाऱ्यांनीही झडती घेतली, काही सापडलं नाही. नसलेल्या बंदुका सापडणार कशा! ओरिसात बाळासोरजवळ या शस्त्रांची आशा धरून बसलेले जतींद्रनाथ मुखर्जी सप्टेंबरमध्ये पोलिसांशी लढताना मारले गेले. भटकून भटकून 'अ‍ॅनी लार्सन' २९ जून १९१५ ला वॉशिंग्टन राज्यातल्या होक्वियम बंदरात शिरली, आणि अमेरिकन कस्टमनं तिथे तिला माल सकट ताब्यात घेतलं.

तारखा शेजारी ठेवून पाहिल्या की पोटात गोळा येतो. पंजाबातला उठाव फेब्रुवारीतच फितुरीनं फुटला होता. पिंगळे तरीही मीरतला गेले, छावणीतल्या शिपायांना फोडायला, आणि २३ मार्चला बाराव्या घोडदळाच्या लाइनीत बॉम्बच्या डब्यासह पकडले गेले. ते बॉम्ब बंगाली बनावटीचे होते. त्या दिवशी अमेरिकेतल्या दहा हजारांवर रायफली पॅसिफिकमध्ये पाण्यावर डुलत होत्या. ज्या देशात शिकायला चारेक वर्षांपूर्वी हा पोरगा निघाला होता, तिथली एकही बंदूक त्याच्या मदतीला आली नाही.

लाहोरच्या खास न्यायमंडळानं, अपिलाची सोय नसलेल्या, २४ जणांना फाशी सुनावली. व्हाइसरॉयनं १७ जणांची शिक्षा कमी केली. उरलेल्या सातांत कर्तारसिंग सराभा होते आणि पिंगळे होते. नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. पिंगळे सत्तावीस वर्षांचे होते.

आणि सॅन फ्रान्सिस्कोत? जहाज १९१५ च्या जूनमध्ये हाती लागलं होतं, पण मोठा खटला उभा राहिला तो अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये ब्रिटनच्या बाजूनं युद्धात उतरल्यावर. कायदा तोच, १७९४ चा. २० नोव्हेंबर १९१७ ते २४ एप्रिल १९१८, न्यायाधीश व्हॅन फ्लीट, आरोपींत जर्मन वकिलातीतले लोक, अमेरिकन जहाजवाले आणि हिंदी मंडळी. शेवटच्या दिवशी भर कोर्टात रामसिंग यांनी गदरचे पुढारी रामचंद्र यांना गोळी घातली, आणि एका मार्शलनं रामसिंगांना तिथेच मारलं. कोर्टाच्या दारावर ते पिस्तूल कुणी शोधलं नव्हतं. शिक्षा झाल्या त्या मोहीम रचण्याच्या कटाबद्दल. शस्त्रं बाळगली किंवा विकत घेतली याबद्दल नाही, कारण तो तिथे गुन्हाच नव्हता. जर्मन कौन्सल फ्रान्झ बॉप यांना दोन वर्षं आणि दंड, तारकनाथ दासांना २२ महिने, बाकीच्या हिंदी मंडळींना त्याहून कमी. एकाच कटासाठी पॅसिफिकच्या एका काठाला २२ महिने आणि दुसऱ्या काठाला फास. मला तरी हा फरक बंदुकांच्या संख्येत कुठे सापडत नाही.

टेक्ससच्या मित्रा, आता तुझ्यापुरतं. १८७८ चा कायदा गेला, त्या जागी १९५९ चा आला, जातीची यादी इतिहासजमा झाली. पण नव्या कायद्याच्या दहाव्या कलमात 'स्वतःच्या खाजगी वापरासाठी वाजवी प्रमाणात' हे शब्द अजून आहेत, आणि कस्टमनं अडकवून ठेवण्याची तरतूदही. प्रत्यक्षात सुट्टीवर येताना सामानातून बंदूक आणायचं मनातही आणू नकोस. तिकडून निघतानाचे अमेरिकन निर्यातीचे नियम आणि इकडचा परवाना यांत तुझी सुट्टी संपेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नेमबाजीला नेतोस ती पाठपिशवी घेऊन विमानात बसू नकोस. कोपऱ्यात राहिलेलं एक जिवंत काडतूस विमानतळाच्या एक्स-रेत दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदतात. दिल्ली उच्च न्यायालयानं असे कित्येक गुन्हे 'जाणीवपूर्वक ताबा' नव्हता म्हणून रद्द केलेत, पण रद्द होईपर्यंत वकील, तारखा आणि अडकलेला पासपोर्ट तुझाच असतो.

खानखोज्यांचं सांगायचं राहिलं. ते १९१४ मध्येच अमेरिकेतून निघाले, आणि तुर्कस्तान, इराण असं करत बलुचिस्तानच्या सीमेकडून, जमिनीवरून, हिंदुस्थानात शिरायची खटपट करत राहिले. ते जमलं नाही. युद्ध संपलं, बरीच वणवण झाली, आणि १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोचले. 'अ‍ॅनी लार्सन'च्या कागदांवर ज्या देशाचं नाव थापेपुरतं लिहिलं होतं, तिथे त्यांनी चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवलं, मक्याच्या जाती सुधारल्या, गरीब शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी परत यायचं ठरवलं आणि व्हिसासाठी अर्ज केला. तो आधी नामंजूर झाला. ब्रिटिशांनी त्यांच्यावर घातलेली बंदी नव्या सरकारच्या दफ्तरात तशीच पडून होती. ती उठवून घ्यायला खटपट करावी लागली, मग ते नागपूरला आले आणि १९६७ मध्ये तिथेच वारले.